थोरलीच्या चुलीतला विस्तव

फार फार वर्षांपूर्वी, काडेपेटी कुणाच्या स्वप्नातही नव्हती तेव्हा, एका डोंगराळ राज्यात दोन भाऊ राहत होते. घर एकच, मधे फक्त भिंत. एकदा शेताच्या बांधावरून दोघांची जुंपली आणि धाकट्यानं रागाच्या भरात थोरल्यावर कोयता चालवला. थोरला जागीच गेला. राजानं धाकट्याला फाशी दिलं.

मागे राहिल्या तिघी. भिंतीच्या अलीकडे थोरली सून, पलीकडे पोटुशी धाकटी, आणि दोन्ही लेक गमावलेली त्यांची सासू. म्हातारी धाकटीकडे राहायची. थोरलीला तेही डाचायचं.

त्या राज्याची रीत मोठी कडक. चूल विझली की शेजारणीकडून निखारा मागून आणायचा. पण फाशी गेलेल्याच्या घराला तो कुणी द्यायचा नाही. ज्या घरचं माणूस मारलं, त्या घरानं आधी दिला, तरच बाकीच्यांनी द्यायचा. आणि धाकटीची चूल तर विझूनच गेली होती.

थोरलीला वाटलं होतं, दिराच्या गळ्याला फास लागला की आपलं काळीज निवेल. कसलं काय! न जाणो, म्हातारी हळूच निखारा उचलून न्यायची, म्हणून ती रात्रंदिवस चुलीची राखण करत बसायची. धड जेवण नाही, डोळ्याला डोळा नाही. पलीकडे दोघी भिजवलेले हरभरे चावून दिवस काढत होत्या, पण झोपत तरी होत्या. आता तुम्हीच सांगा, शिक्षा कुणाला चालली होती?

पौषात धाकटी बाळंत झाली. मुलगी झाली. हाडं गोठवणारी थंडी, आणि बाळंतिणीला ना शेक, ना ऊन पाणी. सकाळीच सासू थोरलीच्या दारात आली.

"पोर निळी पडत चाललीय गं. विस्तव दे."

"माझा धनी गार पडला, तेव्हा कुणाला दया आली?" थोरली कडाडली. "त्याला मारणाऱ्याच्या पोरीला मी ऊब देऊ?"

"तुझा धनी माझ्या पोटचा," म्हातारी म्हणाली, "आणि मारणाराही माझ्याच पोटचा. मी कुणासाठी रडू, ते तरी सांग." आणि ती उंबऱ्यातच मटकन बसली.

इतके दिवस थोरलीला वाटत होतं, दुःख काय ते आपल्याच वाट्याला आलंय. म्हातारीकडे बघता बघता तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं निखाऱ्यांनी शेगडी भरली आणि पलीकडे गेली.

तिला बघून धाकटीनं पोरीला घट्ट पोटाशी धरलं. "जाऊबाई, त्यांनी केलं त्याला माफी नाही. मी मागतही नाही."

"माफ केलं की नाही, माझं मलाच ठाऊक नाही. पण या एवढ्याशा जिवानं कुणाचं काय घोडं मारलंय? सरक, शेगडी ठेवू दे."

थोरलीनं पोरीचे तळवे शेकले, पाठ शेकली. बऱ्याच वेळानं पोरीनं असा काही टाहो फोडला की म्हातारीनं देवाला हात जोडले. थोरलीनं विस्तव नेलेला बघून शेजारणीही आल्या. कुणी सरपण आणलं, कुणी डिंक.

पोरीला मांडीवर घेऊन थोरली भिंतीला टेकली आणि धनी गेल्यापासून पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली. दुपार कलली, तरी तिला कुणी उठवलं नाही.

तात्पर्य: न्याय राजा देतो, मनाची शांती मात्र ज्याची त्यानंच मिळवायची असते, आणि ती दुसऱ्याला ऊब दिल्याशिवाय मिळत नाही.