भिंतीकडे वळवलेला पडदा

एकदा एका वृद्ध डॉक्टरांकडे त्यांचा शिष्य धावत आला. गुरूंचे आयुष्य सोनोग्राफीच्या खोलीत गेले होते. शिष्य हुशार होता. त्या सकाळी मात्र घाबरला होता.

रुग्ण एक विणकर होता. थोरल्या बहिणीने दिलेले मूत्रपिंड पाच दिवसांपूर्वी त्याच्या जांघेच्या वर बसवले होते. पहाटेपासून त्याची लघवी थांबली होती.

"सर, सोनोग्राफीत दिसतंय, ठोक्याला रक्त मूत्रपिंडात शिरतं आणि दोन ठोक्यांमध्ये उलटं फिरतं. शिरेत गुठळी असणार. सर्जन हात धुऊन उभे आहेत. पोट उघडायचं, की आधी औषध टोचून सीटी स्कॅन काढायचा?"

"सीटीचं औषध त्या थकलेल्या मूत्रपिंडाला सोसेल?"

"कदाचित नाही. पण गुठळी असेल आणि आपण थांबलो, तर ते मरेल."

"खरं आहे," गुरू म्हणाले आणि विणकराच्या खोलीत गेले.

बहीण चाकांच्या खुर्चीत बसून दारात आली होती. "डॉक्टर, लपवू नका. माझं तिथं रुजंना का?"

"आक्का, खोलीत जा. टाके उसवशील," विणकर म्हणाला.

"गप रे. दिलंय मी, विचारणार."

गुरूंनी यंत्राचा पडदा भिंतीकडे वळवला. "पुन्हा तपास."

"न बघता?"

"यांच्या तोंडाकडे बघ."

शिष्याने प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, पोटावर टेकवला. विणकराच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"दुखतं?" गुरूंनी विचारले.

"दाबल्यावर दुखणारच की! मघाशी तर ह्याहून जोर होता."

"हात उचल. आणखी. नुसता जेलवर राहू दे."

आठ्या विरल्या. "आता हात हाय का न्हाई, कळंना," विणकर म्हणाला.

तेव्हा गुरूंनी पडदा फिरवला. रक्त मूत्रपिंडात अखंड वाहत होते, दोन ठोक्यांच्या मध्येही. खालच्या बाजूला मात्र साचलेल्या पाण्याचा काळा डाग होता, आणि त्याच्या दाबाने मूत्रनलिका चेपली होती. सुईने ते पाणी काढले. दुपारपर्यंत पिशवीत लघवी उतरू लागली.

शिष्य मान खाली घालून उभा राहिला. गुरू म्हणाले, "आपली मूळची मूत्रपिंडं पाठीशी, खोल असतात. ती दिसावीत म्हणून दाबावं लागतं. तुझ्या हाताला तीच सवय. हे कातडीलगत आहे, दाबलं की त्यातलं रक्तच अडतं. तू पाहिलेला अडथळा खोटा नव्हता, पण तो तुझ्याच हाताचा होता. तो हात न तपासताच सीटीकडे धावलो असतो, तर त्या औषधाने याला उगाच इजा झाली असती. हलक्या हातानेही प्रवाह दिसला नसता, तर मी त्याच क्षणी पोट उघडायला सांगितलं असतं."

"तुम्हाला खात्री होती, सर?"

"नव्हती. पूर्वी एकदा मी असंच दाबून पाहिलं. पोट उघडलं, तर आत रक्त नीट वाहत होतं. तो माणूस महिनाभर उठला नाही. तेव्हापासून मी माझ्या हाताची साक्ष रुग्णाच्या चेहऱ्यावर तपासतो."

दारात बहीण अजून बसून होती. शिष्य तिला उत्तर द्यायला घाईने निघाला, मग थबकला, आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. "आक्का, रुजतंय. आता तुमचं सांगा. कुठं दुखतंय?"

दुसऱ्याची व्यथा शोधताना आधी आपल्या हाताचे वजन ओळखावे.