ताटातलं मूळ रूप

मिरजेत सोनाक्कांच्या खानावळीत एक नर्स दोन वर्षं जेवली. दूर मणिपूरची पोर, तिला मराठी येईना. गाव सोडताना तिनं भिंतीवर खडूनं एकच शब्द लिहिला, ‘नाईस’. रंगाऱ्याला आक्कांनी तेवढ्या जागेला हात लावू दिला नाही.

हेर्लेकर सर इंग्रजीचे निवृत्त प्राचार्य आणि तिथलं रोजचं गिऱ्हाईक. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. एकदा भिंतीकडे बघून ते गरजले, “आक्का, पुसा ते! लॅटिनमधून आलाय हा शब्द. मूळ अर्थ अडाणी. आणि मूळ अर्थ तोच खरा!”

आक्कांचा चेहरा उतरला. “मूळ तेच खरं?”

“तेच!”

दुसऱ्या दिवशी सरांच्या ताटात मूठभर साळी, गहू, अख्खी तूर आणि मातीसकट एक बटाटा आला.

“हे काय?”

“भात, चपाती, आमटी, भाजी. सगळं मूळ रूपात आहे, सर.”

“हे खायचं कसं?”

“मी चार तास राबते, तेव्हा त्याचं जेवण होतं. तो शब्द तर शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात शिजला. शिजलेलं आता पुसून टाकायचं होय?”

सर आधी गोरेमोरे झाले, मग खो खो हसले. आक्कांनी गरम ताट वाढलं. जेवून हात धुतल्यावर सरांनी सवयीनं खिशात असलेला खडू काढला आणि भिंतीवरचं प्रत्येक पुसट अक्षर ठळक गिरवलं.