राहू दिलेली घोंगडी

एकदा एका वृद्ध कीर्तनकार बुवांचे गुडघे घाट उतरायला साफ नकार देऊ लागले. घाटाखालच्या एका गावात चैत्री उत्सवाचे कीर्तन त्यांनी उभी हयात केले होते. आता ते जमेना, म्हणून गेल्या वर्षी त्यांनी आपल्या शिष्याला पाठवले. शिष्याचे पाठांतर चोख, गळा गोड, विवेचन निर्दोष. कीर्तन यथासांग पार पडले आणि उत्सव संपताच गावाचा निरोप आला : पुढच्या खेपेस यांना पाठवलेत तर पाहू, पण तेव्हाही कीर्तन असेच कोरडे झाले तर आम्हाला दुसरे कुणी शोधावे लागेल.

शिष्याच्या जिव्हारी लागले. विद्वान माणसाला आपल्या अपयशाचे कारण शोधायला फारसा वेळ लागत नाही आणि ते सहसा स्वतःपासून बऱ्याच अंतरावर सापडते. याला ते हवेत सापडले. चैत्राची हवा म्हणजे लहरी मालक. पहाटे घाटमाथ्यावर हुडहुडी, दुपारी उतरणीला अंगाची लाही, आणि सायंकाळी कुठून ढग येतील आणि वळीव कोसळेल याचा नेम नाही. त्या हवेने आपला घसा बसला आणि म्हणून कीर्तन पडले, असे त्याने मनाशी पक्के केले.

गेल्या वर्षीही गाठोडे भरलेलेच होते; यंदा तर त्याने काहीच कसर ठेवली नाही. कीर्तनाचा अंगरखा, उपरणे, दोन धोतरे, उन्हासाठी पातळ सदरा, घशासाठी लोकरी गळपट्टा, थंडी-पावसासाठी जाड घोंगडी. शिवाय दशम्या, लोणचे आणि पाण्याने भरलेला तांब्या. गाठोडे बांधून तो समाधानाने म्हणाला, "बुवा, आता हवा कशीही पालटू दे. गावात कुणाकडे सुईसुद्धा मागावी लागणार नाही."

बुवांनी मान डोलावली. मग वाकून गाठ सोडली, घोंगडी तेवढी बाहेर काढली आणि गाठोडे पुन्हा नीट बांधून दिले.

"बुवा, पाऊस आला तर?"

"भिजशील."

"आणि नाही आला तर?"

"रात्री कुडकुडशील. ही राहू दे. निघ आता, ऊन चढेल."

गुरूची आज्ञा मोडता येत नाही, पण मनातल्या मनात धुसफुसता येते. तेवढे करीत शिष्य घाट उतरला. गाव दिसू लागले आणि वळिवाने त्याला गाठले. वेशीजवळच्या पहिल्या घराच्या ओसरीवर तो चढला तेव्हा गाठोड्यासकट ओलाचिंब झाला होता. दात वाजत होते. दारात एक म्हातारी उभी होती. मागायची सवय नसल्यामुळे त्याच्या तोंडून शब्द लवकर फुटेना.

"आजी, अंगावर घ्यायला काही मिळेल का? माझ्याजवळ नाही."

"उभा काय राहिलायस? आत ये. बुवांचा तू ना, गेल्या साली आलेलास तोच?"

तिने त्याला चुलीपाशी बसवले, स्वतःची घोंगडी पांघरायला दिली आणि त्याचा अंगरखा चुलीवरच्या दोरीवर टाकला. भाताची पेज पुढे ठेवली. कपडे वाळेपर्यंत दुसरे काम नव्हते, म्हणून ती बोलत राहिली. मुलगा शहरात असतो. उत्सवाला येतो म्हणाला होता. रोज सायंकाळी ती वेशीपर्यंत जाऊन येई. शिष्य पेज पीत ऐकत राहिला.

त्या रात्री धुराचा वास येणाऱ्या अंगरख्यात त्याने कीर्तन केले. आख्यान गेल्या वर्षीचेच, वनवासातल्या रामाची वाट पाहणाऱ्या कौसल्येचे. म्हातारी खांबाला टेकून बसली होती. कौसल्या दारात येते त्या ओळीशी त्याची नजर तिकडे गेली, आवाज भरून आला आणि पुढचा श्लोक चक्क विसरला. तो आठवण्याची कुणाला घाई नव्हती. मंडपात बायका डोळे पुसत होत्या.

उत्सव आटोपून तो परतला, तेव्हा त्याच्या खांद्यावर म्हातारीची घोंगडी होती. बुवांनी विचारले, "ही परत केली नाहीस?"

"करीत होतो. तिने घेतली नाही. म्हणाली, घाटावर गारवा असेल. पुढल्या चैत्रात येशील तेव्हा आणून दे."

बुवा हसले. "म्हणजे बोलावणे आले. बाळा, चैत्राला पुरून उरेल असे गाठोडे मलाही कधी बांधता आले नाही, आणि पुढे पुढे मी तो नादही सोडला. काहीतरी कमी पडे, मी कुणाचे तरी दार वाजवी. तिथे बसलो की त्या घराचे सुखदुःख कळे, आणि रात्री उभा राहिलो की मी त्या माणसांशी बोलत असे. तू गेल्या वर्षी सगळे घेऊन गेलास. त्यांना देण्यासारखे काही उरलेच नाही. ज्याच्याकडून काही घेतले नाही, त्याला आपले म्हणायचे तरी कसे?"

शिष्याला आठवले. गेल्या वर्षी वेशीतून जाताना त्याच ओसरीवरून कुणीतरी विचारले होते, "महाराज, पाणी देऊ का?" आणि तांब्या उंच धरून, न थांबता, आपण म्हणालो होतो, "नको, माझ्याजवळ आहे."