उजव्या गुडघ्याचं तप

"माई, सिद्धी यायला अजून किती दिवस?"

अच्युत उजवा पाय लांब करून बसला होता. टेकडीवरच्या मठात त्याचं एक्केचाळीस दिवसांचं अनुष्ठान चालू होतं. रोज आसन, रोज दिव्याच्या ज्योतीवर नजर. आज बत्तिसावा दिवस. मध्ये खंड पडला किंवा दिवा विझला, की पुन्हा पहिल्यापासून. दीक्षाही लांबणार.

मैनामाई शेंगा सोलत होत्या. मठ त्यांचा.

"येतेय हे कशावरून?"

"खुणा आहेत ना! डोळे बघा, लालभडक. ज्योत मुरलीय त्यांत. गुडघा सुजलाय, आसन फळलं. लघवीला आग होते... ती तपाची उष्णता."

शिकलेल्या माणसाचं हे असंच, माईंच्या मनात आलं. दुखणंसुद्धा मिरवतो.

"कुठला गुडघा?"

"उजवा."

"मांडी तर दोन्ही पायांची घालतोस. डाव्यानं तप केलं नाही वाटतं?"



माईंनी त्याची टाच दाबली. तो कळवळला.

"अकराव्या दिवशी काय झालं होतं रे?"

"देहशुद्धी झाली..."

"शिळी भगर खाल्लीस नि तीन दिवस तांब्या घेऊन पळत होतास. शुद्धी म्हणे!"

त्यांनी दिवा उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. त्यानं झटकन डोळ्यांवर हात घेतला.

"सहन होत नाही, माई."

"पोट बिघडलं. तीन आठवड्यांनी गुडघा, टाच, डोळे, लघवी. चार दुखणी नाहीत ही, एकच आहे. माझ्या भावाचं असंच झालं. आम्ही गुडघ्याला लेप लावत बसलो, आणि डोळा गेला."



"नऊच दिवस राहिलेत," अच्युत हळूच म्हणाला. "मग दाखवतो डॉक्टरांना."

माईंनी दोन बोटांच्या चिमटीत वात धरली. दिवा मालवला.

"माई! अनुष्ठान मोडलं!"

"मी मोडलं. दोष माझ्या माथी. ऊठ, पायथ्याला जीप आहे. तालुक्याच्या दवाखान्यात जा, आजच."

तो उठला. टाच टेकवेना. बत्तीस दिवस कुणाचा आधार न घेतलेल्या त्या माणसानं म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला.

उंबऱ्यात थांबला.

"डॉक्टरांना काय सांगू?"

"भगरीपासून सांग... तपापासून नको."