हौसाक्काची गाठ

विषय : फुटकी काच लाल चिंधीत बांधून, सुका कचरा हातात देण्याची सोनकुंभे गावची प्रथा.
संदर्भ : गावातली सर्व म्हातारी माणसे.

नगरपालिकेत टाइपरायटर यायचा होता, त्या काळची गोष्ट. हौसाक्का गावच्या उकिरड्यावर रद्दी, पत्रा, बाटल्या वेचायची. तिच्यासोबत आणखी बायका असत आणि सगळ्यांच्या चुली त्यावरच पेटत. असं म्हणतात, तिने उचललेला कागद पोरांची वही होऊन परत यायचा.

पुढे सभेने ठराव केला : वेचणाऱ्या बायका अस्वच्छ दिसतात, सबब उकिरड्याला कुलूप घालावे. कचरा मात्र स्वच्छ दिसत असावा.

बायकांच्या चुली विझल्या. इकडे उकिरडा वाढला. भिंतीवर गेला, जकात नाक्यावर गेला, डोंगर झाला. असं म्हणतात, त्याच्याआड सूर्य अडकायचा आणि कोंबडे दुपारी आरवायचे. कचेरी तेवढी नेहमीप्रमाणे उशिरा उघडायची.

शेवटी अध्यक्ष नेमगोंडा पाटील स्वतः तिच्या झोपडीशी गेले. म्हणाले, "अक्का, कुलूप काढलंय. चल."

हौसाक्काने तळवा पुढे केला. काचेने चिरून चिरून त्याच्यावर रेघ ओळखू येत नव्हती.

"अण्णा, पोटासाठी यायलाच पायजे. पण या हातानं आता भाकरी थापवत नाही. काच कालवलेल्या शिळ्या भातात एकदा तुम्ही हात घाला, मग मला बोलवा."

पाटलांनी घरी जाऊन खरंच हात घातला. दुसऱ्या दिवशी बोटाला पट्टी बांधून ते आपल्या दारात उभे राहिले. ओलं बाजूला ठेवलेलं, काच लाल चिंधीत बांधलेली. गाठोडं त्यांनी जमिनीवर न टाकता दारावरून जाणाऱ्या हौसाक्काच्या हातात दिलं. गल्ली बघत राहिली, आणि मग गल्लीही तसंच करू लागली.

असं म्हणतात, बायकांनी डोंगर उपसला तेव्हा तळाशी गोड्या पाण्याची विहीर निघाली. गाव अजून तेच पाणी पितं.

आजही सोनकुंभ्यात कचरा वेचणारीच्या हातात देतात, "अक्का, हात सांभाळ," म्हणतात, आणि काचेवरच्या गाठीला हौसाक्काची गाठ म्हणतात. उकिरड्याच्या फाटकाची किल्ली वेचणाऱ्या बायकांकडेच असते.

उकिरड्यावर जाण्याचा रीतसर परवाना मिळावा म्हणून हौसाक्काने केलेल्या अर्जावर पाटलांची शिफारस आहे. त्याखाली 'अर्जदाराने समक्ष हजर राहावे' असा शेरा आहे. अर्ज प्रलंबित आहे.