हळदीची फुलं

फार पूर्वी एका गावाच्या अगदी शेवटच्या घरावर भोपळ्याचा वेल चढलेला असायचा. आषाढात आळ्यात बी पडायचं, श्रावणात वेल मांडवावर जायचा आणि मार्गशीर्षात देवीच्या भंडाऱ्याला याच वेलाचा पहिला भोपळा लागायचा. मोठ्या हंड्यात त्याची भाजी शिजायची आणि सगळं गाव एका पंगतीला जेवायचं. भोपळा डोक्यावरून देवळात न्यायचा मान लेकुरवाळीचा. त्या घरच्या सासूबाई इतकी वर्षं तो नेत आल्या होत्या.

घरात एक सून होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण पाळणा हलला नव्हता. पाणवठ्यावर ती आली की बायका आवाज खाली करायच्या, आणि ती घागर अर्धीच भरून परत यायची.

त्या वर्षी सासूबाईंचे गुडघे फार धरले. त्या सुनेला म्हणाल्या, "यंदा वेल तुझ्याकडे. हे बघ, याला दोन तऱ्हेची फुलं येतात. या फुलाखाली सुपारीएवढा भोपळा दिसतो ना, ती ठेवायची. आणि ही लांब, बारीक देठाची, खाली काहीच नसलेली, ही वांझ फुलं. नुसतं वेलाचं बळ खातात. ही सगळी खुडून भाजीला आणायची."

सून थबकली. सासूबाई फुलांबद्दलच बोलत होत्या, पण शब्द लागायचा तो लागलाच.

दुसऱ्या दिवसापासून ती उजाडताच मांडवाला शिडी लावू लागली. तिनं एक फूल सोडलं नाही. तेवढी फुलं निघून गेली की तो शब्दही घरातून जाईल, असं तिला वाटत असावं.

"माझ्या हातून वरची कधी निघाली नाहीत गं," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "यंदाचा भोपळा दोघींना उचलावा लागेल बघ."

पण झालं उलटंच. फुलाखालचे ते इवले भोपळे पिवळे पडले आणि गळाले. नवे आले, तेही गळाले. सासूबाईंनी आळ्यात शेणखत घातलं, पानांवर राख टाकली. काही उपयोग झाला नाही.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "हात बदलून बघा की. वेलाला हाताचा गुण लागतो."

त्या रात्री जेवताना सासूबाई सुनेला म्हणाल्या, "उद्यापासून तू वेलाला हात लावू नकोस. तुझ्या भावाला निरोप धाडलाय. भंडारा होईस्तोवर माहेरी राहून ये." बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. भंडाऱ्यानंतर बोलावतील की नाही, हे सुनेला विचारवलं नाही.

भाऊ यायला आठवडाभर होता. सकाळी ती सवयीनं मांडवाखाली गेली आणि हात पदरात गुंडाळून नुसती बसली. त्या दिवशी खुडायला कोणी नव्हतं, म्हणून वांझ फुलं पहिल्यांदाच पुरती उमलली. एक मधमाशी त्यातल्या एका फुलात शिरली. बाहेर आली ती हळदीत लोळल्यासारखी, अंगभर पिवळी. तिथून उडाली ती थेट, ज्याखाली इवला भोपळा होता त्या फुलात गेली आणि तिथं गोल गोल फिरली. ऊन चढलं, फुलं मिटली, तेव्हाच सून उठली.

पुढचे काही दिवस ती तेच एक फूल बघत राहिली. ते सुकलं, पण त्याखालचा भोपळा गळाला नाही. तो हिरवागार राहिला आणि लिंबाएवढा झाला.

भाऊ यायच्या दिवशी सकाळी सासूबाई गुडघे सावरत, टोपली घेऊन फुलं खुडायला निघाल्या. सून वाट अडवून उभी राहिली.

"नको, आत्याबाई."

सासूबाईंनी वर पाहिलं. या घरात तिच्या तोंडून 'नको' त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

"मला पाठवायचं तर पाठवा. ही फुलं राहू द्या." तिनं एका फुलात बोट फिरवून दाखवलं. बोट पिवळं झालं होतं. "ही पूड माशी त्या फुलात नेते, तेव्हा भोपळा धरतो. मी सगळी पूडच रोज खुडून टाकत होते."

"वांझ फुलाची पूड?"

"ही नसली तर ती दुसरीही वांझच, आत्याबाई." आणि तिनं पानाआडचा हिरवा भोपळा दाखवला.

सासूबाई पायरीवर टेकल्या. पान बाजूला सारून त्यांनी तो भोपळा नीट पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मला शिडी चढवत नव्हती, म्हणून आजवर भोपळे लागले म्हणायचे. आणि मी देवीला गुडघ्यांसाठी नवस बोलतेय."

सुनेला हसू आवरलं नाही. त्याही हसल्या. दुपारी भाऊ आला, पोटभर जेवला आणि एकटाच परत गेला.

मार्गशीर्षात मांडव भोपळ्यांनी वाकला. भंडाऱ्याच्या सकाळी शेजारीण म्हणाली, "तुमचे गुडघे असे. आमच्या सुनेच्या डोक्यावर द्या. लेकुरवाळी आहे ती."

सासूबाईंनी पहिला भोपळा दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या सुनेच्या डोक्यावर ठेवला.

"अहो, मान लेकुरवाळीचा ना?"

"तिलाच दिलाय," सासूबाई म्हणाल्या. "मांडवाकडं बघ, किती लेकरं जगवलीत."

सगळं गाव जेवलं. आपल्या ताटातला दोडका, कारलं, काकडी सगळं असंच चिमूटभर पिवळ्या पुडीतून येतं. मक्याला त्याची पूड वारा पोचवतो.

त्या घरात पाळणा पुढंही हलला नाही. पण सून पाणवठ्यावरून भरली घागर आणू लागली. आणि त्या गावात त्या फुलांना कोणी वांझ म्हणेना. हळदीची फुलं म्हणू लागले. भाजीला अजूनही खुडतात, पण ऊन चढून ती मिटली की मगच.

तात्पर्य: फळ एकाच्या देठाशी दिसतं, पण ते धरायला दुसराही लागतो. म्हणून वेलाला असो की माणसाला, वांझ म्हणण्याआधी थोडं थांबून बघावं.