मिणीचा चंदेरी कागद

एक होती चिचुंद्री. एवढीश्शी. तिचं नाव मिणी.

तिचा धाकटा भाऊ गुंजू. गुंजूच्या पायांत जोरच नव्हता. तो बिळात निजून असायचा. सूर्य त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

आज सूर्याला ग्रहण लागणार होतं. चंद्र आडवा येणार. सूर्य कुरतडल्यासारखा दिसणार.

"ताई, मला दाखव ना!" गुंजू म्हणाला.

सूर्याकडे थेट बघायचं नसतं. डोळे भाजतात. म्हणून मिणीनं केली युक्ती. चॉकलेटचा चंदेरी कागद आणला. काट्यानं भोक पाडलं, टुच्च! कागद बिळाच्या दाराला लावायचा. भोकातून ऊन आत येणार. भिंतीवर इवला सूर्य उमटणार.

तेवढ्यात वारा आला, भुर्रर्र! कागद उडाला. कावळ्यानं उचलला. घरट्यात नेला.

मिणी रडली, चीं चीं. मग निघाली, तुरुतुरु, तुरुतुरु.

"कावळेदादा, कावळेदादा, कागद दे.
कागद लावीन दाराला,
गुंजू बघेल ग्रहणाला."

"नाही देणार. घरटं उसवलंय. आधी सुतळी आण."

मिणी निघाली, तुरुतुरु, तुरुतुरु. द्वारकामावशी अंगणात बाज विणत होती.

"मावशी, मावशी, सुतळी दे.
सुतळी कावळ्याला, कावळा देईल कागद.
कागद लावीन दाराला,
गुंजू बघेल ग्रहणाला."

"नाही देणार. कोरा चहा घशाखाली उतरत नाही गं. आधी दूध आण."

मिणी निघाली, तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन फिकट झालं. ग्रहण लागलं!

"शेळीबाई, शेळीबाई, दूध दे.
दूध मावशीला, मावशी देईल सुतळी.
सुतळी कावळ्याला, कावळा देईल कागद.
कागद लावीन दाराला,
गुंजू बघेल ग्रहणाला."

"नाही देणार. पोटात काही नाही. आधी पाला आण."

मिणी निघाली, तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन आणखी फिकट झालं.

"शेवरीबाई, शेवरीबाई, पाला दे.
पाला शेळीला, शेळी देईल दूध.
दूध मावशीला, मावशी देईल सुतळी.
सुतळी कावळ्याला, कावळा देईल कागद.
कागद लावीन दाराला,
गुंजू बघेल ग्रहणाला."

"कुठून देऊ? मुळं सुकली माझी. आधी पाणी आण."

मिणी पाण्याच्या पाटाकडे गेली, तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखले. डोळे भरले.

"पाटा, पाटा, पाणी दे.
पाणी शेवरीला, शेवरी देईल पाला.
पाला शेळीला, शेळी देईल दूध.
दूध मावशीला, मावशी देईल सुतळी.
सुतळी कावळ्याला, कावळा देईल कागद.
कागद लावीन दाराला,
गुंजू बघेल ग्रहणाला."

"पोरी, माझी वाट चिखलानं बुजलीय. कोण उकरणार?"

मिणी चिखलात उतरली. उकरू लागली. खर्र खर्र, खर्र खर्र. नखं तुटली. तरी खर्र खर्र.

चिखल निघाला. पाणी धावलं, झुळझुळ! शेवरीनं पाला दिला. शेळीनं दूध दिलं. मावशीनं सुतळी दिली. कावळ्यानं कागद दिला.

मिणी धावली, तुरुतुरु, तुरुतुरु! कागद दाराला लावला.

भिंतीवर सूर्य उमटला. गोल. अख्खा. कुठेच कुरतडलेला नाही.

"ताई, ग्रहण कुठंय?"

"सुटलं रे," मिणी म्हणाली. "मला उशीर झाला."

"परत कधी येईल?"

"खूप दिवसांनी."

मिणी हुंदके देऊन रडली. गुंजूही रडला.

ऊन कलत गेलं. भिंतीवरचा सूर्य हळूहळू सरकला. गुंजूच्या शेपटीवर आला. शेपटीवरून पोटावर. पोटावरून नाकाच्या शेंड्यावर.

गुंजूनं श्वास रोखून धरला.

"ताई, हा ऊबदार आहे का गं?"

"नाही. एवढासाच आहे ना."

"असू दे," गुंजू म्हणाला. "माझ्याकडे आला."

मग सूर्य मावळला. नाकावरचा ठिपका विझला. मिणीनं गुंजूला जवळ घेतलं.

गोष्ट थांबली इथं. ऐकणाऱ्यानं यावं कुशीत.